त्या हातांचं नाव

एकदा एका गावात तांब्यापितळेच्या भांड्यांचा एक व्यापारी राहत होता. अशा गोष्टींतल्या माणसांना सहसा नावं नसतात. व्यापारी हा नुसता व्यापारी असतो, शिष्य नुसता शिष्य, आणि वृद्ध गुरू तर इतका वृद्ध असतो की त्याचं नाव अख्खं गाव विसरून गेलेलं असतं. ऐकणाऱ्याचंही त्यावाचून काही अडत नाही. पण ही गोष्टच मुळी नावांची आहे, तेव्हा इथे ती सांगावी लागतील. व्यापाऱ्याचं तेवढं आत्ता सांगत नाही. ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं बरं, आणि ती वेळ पुढे येणार आहे.

व्यापाऱ्याच्या दुकानाचं नाव होतं ‘ताम्रशोभा’. आजोबांच्या काळी ती बाजारपेठेतली एक अरुंद पेढी होती. गावातल्या लग्नांना लागणारी घंगाळी, घागरी आणि ताम्हनं तिथून जात. नातवाच्या काळात मात्र तिची भांडी थेट बंगळुरूला आणि तिथून विमानाने परदेशी जाऊ लागली. प्रत्येक भांड्याच्या बुडाला ‘ताम्रशोभा’ असा गोल ठसा असे, आणि तो ठसा पाहून लोक भांडं उलटं करून छातीशी धरल्याचे फोटो काढीत. ही सगळी किमया फोनची होती. दुकानाच्या पेजवर दीड लाख माणसं डोळे लावून बसलेली असत, आणि व्यापारी कुणालाही भेटला की तिसऱ्या वाक्यात तो आकडा सांगे.

ते पेज चालवायची केतकी. चोवीस वर्षांची, चटपटीत, शब्दांची मोठी हौस असलेली मुलगी. व्हिडिओ तीच काढी, कापी, त्याला गाणं लावी आणि खाली दोन ओळी अशा लिही की सरकवता सरकवता माणसाचं बोट थांबावं. महिन्याभराच्या पोस्ट ती आधीच तयार करून ठेवी, प्रत्येकीला दिवस आणि वेळ नेमून देई, मग ठरल्या घटकेला त्या आपोआप प्रसिद्ध होत. प्रत्येक पोस्ट जायच्या आदल्या दिवशी ती व्यापाऱ्याकडे संमतीसाठी पाठवी आणि त्याचा उभा अंगठा परत येई. इतक्या वर्षांत त्या अंगठ्याने एकदाही काही विचारलं नव्हतं.

दुकानाच्या पाठीमागे तांबट आळी होती. ‘ताम्रशोभा’चा सारा माल तिथेच घडे. सकाळी आठला घराघरांतून हातोड्या सुरू होत. तांब्याच्या भांड्यावर शेजारी शेजारी ठोके मारून जी चमचमती नक्षी उठवतात, तिला मठार म्हणतात. ठोका जरा इकडेतिकडे झाला की नक्षी बिघडते, म्हणून मठार करणाऱ्याचा हात वर्षानुवर्षं एकाच लयीत चालतो. परक्या माणसाला तो नुसता गोंगाट वाटे, पण आळीतली माणसं आवाजावरून कुणाची हातोडी चालू आहे ते डोळे मिटून सांगत. त्या आळीची एक रीत होती. आळीत कुणी देवाघरी गेलं, की तिथून अंत्ययात्रा निघेपर्यंत एकही ठोका पडत नसे. दुसऱ्या टोकाला राहणारा, जाणाऱ्याशी दहा वर्षं अबोला धरलेला माणूससुद्धा हातोडी खाली ठेवी.

आळीच्या तोंडाशी एका ओट्यावर अप्पा बसत. डोक्यावर पत्र्याची पाटी, ‘भांड्यांवर नावे घालून मिळतील’. पंचावन्न वर्षं त्यांनी हेच केलं होतं. लग्नातल्या कळशीवर मामाचं नाव, देवळातल्या समईवर देणाऱ्याचं, बारशाच्या वाटीवर आत्याचं. गावातल्या प्रत्येक घरातल्या मांडणीवर अप्पांचं अक्षर होतं. आता विजेचं यंत्र आलं होतं, ते मिनिटात चार नावं घाली. तरीही काही लोक अप्पांचीच छिन्नी मागत. केतकीला त्या अक्षरांचं वेड लागलं, आणि दर गुरुवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, ती ओट्यावर शिकायला येऊ लागली.

पहिल्या दिवशी अप्पांनी तिच्या हातात छिन्नी दिलीच नाही.

“आधी नाव विचारायला शीक,” ते म्हणाले.

“त्यात काय शिकायचं, अप्पा?”

“समोरचा बाई असो, पोर असो, नाव विचारायचं. मग त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्यायचं. मग आपण म्हणून दाखवायचं. त्याने मान हलवली की छिन्नी उचलायची. तांब्यावरचं खोडता येत नाही गं. आणि खोडलं, तर खोड दिसते.”

केतकी हसली होती. “आमच्याकडे डिलीट असतं.”

अप्पाही हसले होते. डिलीट म्हणजे काय हे त्यांनी समजून घेतलं, आणि सोय चांगली आहे असंही म्हणाले.

एका रविवारची गोष्ट. सकाळी साडेआठला दुकानाच्या ग्रुपवर निरोप आला : ‘मोरेश्वर करडे यांचे आज पहाटे निधन. अंत्ययात्रा अकरा वाजता, तांबट आळीतून.’ व्यापाऱ्याने ताबडतोब लिहिलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली. ताम्रशोभा परिवार.’ केतकी चहा पीत होती. तिने दोन जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं, कपातलं बिस्कीट विरघळायच्या आत काढलं आणि पुढचे निरोप वाचू लागली. आळीत पंचवीस-तीस घरं, त्यांतले कुणीतरी करडे गेले, एवढंच तिला कळलं.

बरोबर दहा वाजता ‘ताम्रशोभा’च्या पेजवर एक व्हिडिओ आला. त्यात तांब्याच्या घागरीवर मठार करणारे दोन म्हातारे हात होते. चेहरा नव्हता, फक्त हात. हातोडीचा खणखणीत नाद आणि खाली केतकीच्या ओळी : ‘हे हात कधीच थांबत नाहीत! आणि आमची ऑफरही! आज दिवसभर वीस टक्के सूट.’

हात मोरेश्वर करड्यांचे होते.

त्या वेळी त्यांचा देह अंगणात ठेवला होता. आळी चिडीचूप होती. बायका दारात, पुरुष ओट्यांवर, सगळे खाली माना घालून बसलेले. आणि कुणाच्या तरी हातातल्या फोनमधून ठक, ठक, ठक असा आवाज सुरू झाला. सगळ्यांनी तो क्षणात ओळखला. तीस वर्षं सकाळी आठला सुरू होणारी मोरेश्वररावांचीच हातोडी ती. घरात त्यांची बायको, सुमतीकाकू, बसल्या होत्या, त्या झटकन उठून बाहेर आल्या. का आल्या ते सगळ्यांना कळलं, आणि कुणाला त्यांच्याकडे पाहवेना.

केतकीला फोन आला, तिने अकराव्या मिनिटाला पोस्ट काढून टाकली. पण अकरा मिनिटांत जग कुठच्या कुठे जातं. कुणीतरी ते जपून ठेवलं होतं. दुपारपर्यंत ते हजारो फोनांवर गेलं, खाली लोक लिहीत होते : ‘मेलेल्या माणसाच्या हातांवर वीस टक्के सूट?’ संध्याकाळी बंगळुरूच्या मोठ्या गिऱ्हाइकाने मागणी थांबवली. सोमवारी सकाळी आळीत हातोड्या पुन्हा सुरू झाल्या, पण ‘ताम्रशोभा’चा अर्धवट माल प्रत्येकाने घराबाहेर ओट्यावर आणून ठेवला होता. कुणी एका शब्दाने भांडलं नाही. नुसतीच भांडी बाहेर ठेवली.

व्यापाऱ्याने केतकीला बोलावून एक कागद पुढे केला. तो त्याने वकिलाकडून लिहून आणला होता. ‘सदर पोस्ट ही आमच्या कर्मचारी कु. केतकी प्रभाकर नगरकर यांच्या वैयक्तिक हलगर्जीपणामुळे प्रसिद्ध झाली असून तिचा ताम्रशोभा परिवाराशी काहीही संबंध नाही. संबंधित कर्मचाऱ्यास तत्काळ सेवेतून मुक्त करण्यात आले आहे. घडल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

“हे पाच वाजेपर्यंत पेजवर टाक,” व्यापारी म्हणाला.

“मी टाकू?”

“मग कोण टाकणार? पासवर्ड तुझ्याकडेच आहे ना!”

केतकीला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. नोकरी जाईल हे तिने रात्रीच गृहीत धरलं होतं. भीती वेगळीच होती. दीड लाख लोकांसमोर पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. उद्या कुठेही नोकरी मागायला गेली की समोरचा माणूस आधी फोनमध्ये तिचं नाव शोधणार आणि त्याला मेलेल्या माणसाचे हात सापडणार. गल्लीत तिच्या वडिलांना लोक विचारणार. तिने रात्रभर स्वतःला एकच गोष्ट समजावली होती, की मी काही मुद्दाम केलं नाही, वेळ आधीच लावलेली होती, पोस्ट यंत्राने टाकली. सकाळपर्यंत त्यावर तिचाच विश्वास उरला नव्हता.

“आणि आधी माझ्याबरोबर अप्पांकडे चल,” व्यापारी म्हणाला. “आळी त्यांच्या शब्दाबाहेर नाही. हा कागद त्यांनी आळीत वाचून दाखवला की प्रकरण मिटलं. तू शिकतेस ना त्यांच्याकडे? तू समोर असलीस की ते नाही म्हणणार नाहीत.”

दुपारी तीनला दोघं ओट्यावर आले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून व्यापाऱ्याने दुकानातली सर्वांत देखणी मठारी कळशी बरोबर घेतली होती. अप्पांनी ती दोन्ही हातांनी घेतली, फिरवून पाहिली, बोटांनी ठोके चाचपले. मग चष्मा लावून कागद वाचला. एकदा, दोनदा. केतकी खाली बघत उभी होती. अप्पांनी तिला ‘बस’ म्हटलं नाही याचं तिला फार वाईट वाटलं.

“पूर्ण नाव सांग गं तुझं,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, तुम्हाला माहीत आहे.”

“दोनदा सांग.”

तिने दोनदा सांगितलं. अप्पांनी म्हणून दाखवलं, तिने मान हलवली. मग म्हाताऱ्याने कळशी मांडीवर उलटी घेतली, छिन्नी उचलली आणि बुडाच्या ‘ताम्रशोभा’ या ठशावर आडव्या-उभ्या रेघा मारून तो पार खोडून टाकला. व्यापाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेली. तो काही बोलणार तोच त्या खोडलेल्या ठशाखाली टिक टिक करत सुबक अक्षरं उमटू लागली. केतकी प्रभाकर नगरकर.

“अहो अप्पा! काय करताय हे?” व्यापारी ओरडला. “माझी कळशी आहे ती!”

“तुमची? ती कशी?” अप्पांनी वर पाहिलं. “तुम्ही घडवली?”

“मी कशी घडवीन? आळीत घडली.”

“पत्रा तुम्ही ओढलात? ठोके तुम्ही मारलेत? चिंच लावून उजळवली कुणी?”

“अहो, पण दुकान माझं आहे! माल माझ्या नावाने जातो. उद्या भांडं गळलं तर गिऱ्हाईक माझ्या दारात येतं, ठोके मारणाऱ्याच्या नाही. म्हणून तर ठसा माझा असतो!”

बोलता बोलता व्यापारी थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या कानांना जरा उशिरा ऐकू आलं.

अप्पांनी छिन्नी खाली ठेवली. “शेठ, हेच मला तुमच्याकडून ऐकायचं होतं. ठसा म्हणजे कौतुकाचं लेणं नव्हे, तो जामीन आहे. या पोरीने लिहिलेल्या ओळींनी तुमच्याकडे दीड लाख माणसं जमली, तेव्हा त्यांतल्या एका ओळीखालीही हिचं नाव आलं नाही. ती सगळी ताम्रशोभा होती. काल एक ओळ चुकली आणि ती लगेच कुमारी केतकी प्रभाकर नगरकर झाली. मला वाटलं, तुम्ही ठसा बदललात. म्हणून भांड्यावरही बदलला. पेजवर ठसा कुणाचा होता?”

केतकीच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. आपले गुरुजी आपल्या बाजूने उभे राहिले याचा तिला इतका आनंद झाला की ती पटकन बोलून गेली, “आणि अप्पा, मी ती टाकलीसुद्धा नव्हती. वेळ लावलेली होती, यंत्राने टाकली.”

“यंत्राला दहाची वेळ कुणी सांगितली?” अप्पांनी तितक्याच शांतपणे विचारलं.

“मीच,” केतकी म्हणाली.

“नाव शेठचं, पण हातोडी तुझ्या हातात होती. शेठनी चूक नावावर घ्यायची, म्हणून तुझ्या हातावरून ती पुसली जात नाही. साडेआठला निरोप आला तेव्हा वाचलास का?”

“वाचला. हात जोडले.”

“मग दहाची पोस्ट थांबवली का नाहीस?”

“मला माहीतच नव्हतं, हे हात त्यांचे आहेत. मी त्यांचं नावच विचारलं नव्हतं. महिन्यापूर्वी त्यांच्या घरी तासभर बसून मी व्हिडिओ काढला, त्यांनी मला चहा दिला, आणि मी त्या फाईलला नाव दिलं ‘हात फायनल’.”

ती रडू लागली. दर गुरुवारी ज्या ओट्यावर बसून ती हा एकच पहिला धडा शिकली होती, त्याच ओट्यावर तिला ते सांगावं लागलं, याची तिला मरणाची लाज वाटली. अप्पांनी तिला रडू दिलं. मग ते व्यापाऱ्याकडे वळले.

“हिने तासभर व्हिडिओ काढला म्हणते. माणसाला हातांच्या वर काही असतं. चेहरा कुठे गेला, शेठ?”

यावर केतकीने मान वर केली, पण ती बोलली नाही. बोलली असती तर कदाचित तिची सुटका झाली असती. व्यापाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, आळीकडे पाहिलं. ओट्यांवर त्याचीच अर्धवट भांडी उन्हात चमकत होती.

“मी कापायला लावला,” तो शेवटी म्हणाला. “हिने चेहऱ्यासकट पाठवला होता. मी म्हटलं, हात ठेव, चेहरा काढ आणि कुठे नाव घालू नकोस. मोरेश्वरसारखा कारागीर जगाला दिसला असता, तर दुसऱ्या दुकानदारांनी पळवला असता. आणि परवा संमती मागितली तेव्हा मी व्हिडिओ उघडून बघितलाच नाही. बघितला असता तर रविवारी मोरेश्वरचेच हात जाणार हे मला एका नजरेत कळलं असतं. त्याच्या डाव्या अंगठ्यावर जुना व्रण आहे. पोरीला नाव माहीत नव्हतं, मला माहीत होतं.”

आळीतून हातोड्यांचा आवाज येत होता, त्यात एक जागा रिकामी होती.

“मग कागद बदला,” अप्पा म्हणाले. “पण पेजवर नंतर. आधी जिथे चूक लागली तिथे जा. जगाची माफी मागणं सोपं असतं, जगाच्या घरी जावं लागत नाही.”

व्यापाऱ्याने खिशातून पेन काढलं. सवयीने तो खाली ‘ताम्रशोभा परिवार’ लिहू लागला होता, अप्पांनी नुसती मान हलवली. त्याने ते खोडलं. खोड दिसत राहिली. मग त्याने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सावकाश लिहिलं. लिहून झाल्यावर अप्पांनी ते मोठ्याने म्हणवून घेतलं, दोनदा.

“काल आमच्या पेजवर जे हात दिसले ते श्री. मोरेश्वर करडे यांचे होते. तीस वर्षं आमची भांडी त्यांनी घडवली. त्यांचा चेहरा आणि नाव मी कापायला लावलं. न पाहता संमती मी दिली. चूक माझी आहे. श्रीधर केशव कोळपकर.”

व्यापाऱ्याचं नाव हे असं होतं. दुकानाच्या पाटीवर ते कुठेच नव्हतं, त्यामुळे गावातल्या पुष्कळांना ते तेव्हाच कळलं.

दोघं करड्यांच्या घरी गेले. सुमतीकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, शेजारच्या दोघीतिघी जवळ होत्या. कोपऱ्यात अर्ध्यावर मठार झालेली एक घागर तशीच होती. श्रीधरशेठ दाराशी खाली बसले आणि त्यांनी कागद वाचला. हे काही पेजवरच्या लोकांसाठी नव्हतं.

काकूंनी ऐकून घेतलं. “चेहरा का कापलात?” त्यांनी विचारलं.

“भीती वाटली, वहिनी. दुसरं कुणी घेऊन जाईल अशी.”

“आजवर कुणी बोलावलं नव्हतं असं वाटतं का तुम्हाला?” काकू संथपणे म्हणाल्या. “चार जण येऊन गेले. एक तर पुण्याहून गाडी घेऊन आला होता. हे म्हणाले, कोळपकरांना शब्द दिलाय.”

श्रीधरशेठनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या घरात त्यांना कुणी काहीही म्हणालं असतं तरी याहून जास्त लागलं नसतं.

मग केतकी पुढे झाली. “काकू, त्या व्हिडिओखालच्या ओळी माझ्या. चूक माझीही आहे. मी काकांचं नाव विचारलं नाही.” एवढं बोलायला तिला फार कष्ट पडले.

काकूंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “तूच आली होतीस ना त्या दिवशी? मी चहा टाकला होता.” मग त्या जरा घुटमळल्या. “तो कापलेला चेहरा... तो टाकून दिलास का गं?”

नव्हता टाकून दिला. सबंध व्हिडिओ केतकीच्या फोनमध्ये होता. कापाकापी झाल्यापासून तिनेही तो पुन्हा पाहिला नव्हता. तिने फोन काकूंच्या हातात दिला आणि त्या भरल्या घरात मोरेश्वरराव दिसू लागले. पिकलेल्या मिशा, कपाळावर घाम, ओठ किंचित पुढे काढलेले. ठक, ठक, ठक. “असेच ओठ काढायचे काम करताना,” काकू म्हणाल्या आणि हसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. या वेळी आळीतल्या कुणाला त्या आवाजाने धक्का बसला नाही. उलट शेजारच्या दोन हातोड्या आपोआप थांबल्या.

मग व्हिडिओतल्या मोरेश्वररावांनी हात थांबवला आणि वर पाहिलं.

“नाव काय गं तुझं?”

“केतकी,” तिचाच आवाज आला, कॅमेऱ्यामागून, घाईतला.

“केतकी. छान आहे. विचार करून ठेवलेलं दिसतंय.”

एवढं म्हणून ते थांबले. हातोडी अर्ध्यावर उचललेली, नजर तिच्याकडे, चेहऱ्यावर थोडंसं हसू. नाव विचारल्यावर समोरच्यानेही आपलं विचारावं म्हणून माणूस जितका वेळ थांबतो, तितका वेळ ते थांबले. पुढे काय येणार हे केतकीला आता आठवलं होतं, आणि ते येऊ नये असं तिला जिवापासून वाटलं.

“काका, हात जरा उजेडात घ्या ना,” व्हिडिओतली केतकी म्हणाली.

मोरेश्वररावांनी हात उजेडात घेतले आणि हातोडी पुन्हा सुरू झाली.

सुतकाच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं. दोघं काही न बोलता उठली.

पुढचं थोडक्यात सांगायचं. कागद तसाच्या तसा पेजवर गेला, शेठच्या पूर्ण नावानिशी. सगळ्यांनी क्षमा केली असं नाही. बंगळुरूचं गिऱ्हाईक परत आलंच नाही. आठवड्याने ओट्यांवरची भांडी एकेक करून घरात गेली. केतकीची नोकरी राहिली. शेठनी आता कारागिराच्या नावावाचून एकही पोस्ट जाऊ दिली नाही, आणि प्रत्येक पोस्ट ते स्वतः उघडून, चष्मा लावून, इतकी रेंगाळत बघू लागले की केतकी वैतागून जाई. त्यांची भीती अगदीच खोटी होती असंही नाही. दोघा कारागिरांना खरोखर बाहेरून बोलावणी आली, त्यातला एक गेला. शेठ दोन दिवस कुरकुरले, मग गप्प बसले.

खोडलेल्या ठशाची ती कळशी अप्पांनी केतकीला दिली. पुढच्या गुरुवारी ती ओट्यावर आली तेव्हा एक बाई बारशाची वाटी घेऊन उभी होती. अप्पांनी पहिल्यांदाच छिन्नी केतकीपुढे सरकवली. केतकीने ती उचलली नाही. तिने आधी त्या बाईंकडे पाहिलं.

“काकू, नाव सांगाल का?” ती म्हणाली. “आधी तुमचं.”

बाईंना आश्चर्य वाटलं, कारण वाटीवर नाव बाळाचं घालायचं होतं. अप्पा मात्र सरकून बसले आणि त्यांनी तिच्यासाठी ओट्यावर जागा केली.

आपणही रोज कुणाचे ना कुणाचे हात जगाला दाखवत असतो. त्याआधी त्यांचं नाव विचारावं, आणि खाली आपलं लिहावं.